शालेय वेळेत वाघ

उंबरदरी, ता. सोयगाव
४ जुलै १९८२

आदरणीय गुरुजींना जोहराचा सलाम, काकूंना नमस्कार.

रुजू झाले. शाळा दोन खोल्यांची, वर पत्रे, मागं लगेच डोंगर. मुख्याध्यापक पुंजाराम सर पहिली-दुसरी बघतात, तिसरी-चौथी माझ्याकडं. सरपंच तात्यासाहेबांच्या आई चतुराबाई यांनी त्यांच्याकडची एक खोली दिली आहे. त्या मला 'बाई' म्हणत नाहीत, 'मास्तरीण' म्हणतात आणि गावात कुणी भेटलं की 'आमची मास्तरीण' म्हणून सांगतात.

तुम्ही त्या वेळी आमच्या घरी येऊन अब्बांना समजावलं नसतं, तर मी डी.एड. काय, सातवीच्या पुढं गेले नसते. अब्बांनी अजून एक अट घातलीच आहे. वर्षाच्या आत नोकरी कायम झाली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं घरी. म्हणून मी कामाला लागले आहे.

गेल्या महिन्यात औरंगाबादला शिबिर झालं ना, त्यात एक नवी गोष्ट कळली. अपसारी विचार. प्रश्न टाकायचा आणि त्याला जितकी उत्तरं फुटतील तितकी फुटू द्यायची. कुठलंही उत्तर चूक म्हणायचं नाही, हसायचं नाही. मुलं अशी काही खुलतात म्हणे! त्याच्या जोडीला अभिसारी म्हणून पण काहीतरी असतं, ते सावकाश बघेन.

प्रश्नही सापडलाय. इथं माकडांनी जीव नकोसा केलाय. मधल्या सुट्टीची घंटा झाली की नुसता धुडगूस. भाकऱ्या हिसकावतात, दप्तरं उचकतात. परवा एकानं पुंजाराम सरांची टोपी पळवली आणि वर त्यांनाच दात दाखवले. ह्याच्यावर काय करावं हे मुलांनाच विचारणार आहे.

तुमची,
जोहरा

---

बेगमपुरा, औरंगाबाद
१३ जुलै १९८२

चि. जोहरा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. वाचून आनंद झाला, तसेच खेदही झाला. मुले कितीही व्रात्य असोत, शिक्षकाने त्यांना माकडे म्हणू नये. ज्याने मुख्याध्यापकांची टोपी पळवली, त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घे. दात दाखवतो म्हणजे काय? आणि धुडगूस कसा थांबवावा हे धुडगूस घालणाऱ्यांनाच विचारणे, ही पद्धत मला या वयात प्रथमच ऐकायला मिळाली.

अपसारी वगैरे ठीक आहे. परंतु मी तुला माझा अनुभव सांगतो. मी निजामाच्या राज्यात गणित शिकलो ते उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली आणि 'मुसल्लस'चा रातोरात त्रिकोण झाला. आम्ही मुदर्रिस होतो, आमचे शिक्षक झाले. सगळे बदलले, पण त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज बदलली नाही. प्रश्नाला उत्तर एकच असते. शिक्षकाने ते सांगावे, विद्यार्थ्याने ते लिहावे.

माझ्या घरी सकाळी चौथीची मुले स्कॉलरशिपच्या तयारीसाठी येतात. त्यांच्यापैकी कोणी फुटत नाही, कोणी खुलत नाही. पास होतात.

तुझा,
बद्रीनाथ गुरुजी

ता. क. पोरी, मी मनकर्णा काकू. ती झाडावरची माकडं हायेत ना? मी सांगून सांगून दमले, तर म्हणतात मजकूर स्पष्ट हाय, तू मधी बोलू नको. लई जपून राहा. माकडाच्या डोळ्याला डोळा देऊ नये.

---

उंबरदरी
२२ ऑगस्ट १९८२

आदरणीय गुरुजी,

काकूंचं बरोबर आहे. माकडं झाडावरचीच. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. गावात सगळे माकडंच म्हणतात. माझ्या वर्गात कुणाला शेपटी नाही, खात्री करून घेतली.

पाऊस आणि मग पोळा, म्हणून पत्राला उशीर झाला. पण गुरुजी, काल मी तो पाठ घेतला! फळ्यावर लिहिलं, 'माकडांना शाळेत येण्यापासून कसे रोखता येईल?' तिसरीत भागू म्हणून आहे, तिनं हळूच विचारलं, "बाई, चुकलं तर?" मी म्हटलं, "आज चुकायचं नाहीच कुणी." मग काय विचारता!

एक म्हणाला, मिरच्यांची धुरी द्या. एक म्हणाली, आरसा ठेवा, सोताचं तोंड बघून लाजतील. बन्सी म्हणाला, हलगी वाजवा. युसूफ म्हणाला, वाघ आणा. मी म्हटलं, वाघ कुठून आणणार? तर म्हणाला, "त्ये मी बघतो, बाई." एकानं सुचवलं, शेंगा टाकून त्यांना पंचायतीच्या कचेरीकडं न्या. एकजण म्हणाला, पुंजाराम सरांनाच पत्र्यावर बसवा. आणि भागू काय म्हणाली माहीत आहे? "बाई, माकडांची नावं पटावर घाला. मग ती शाळंला येनारच नायत."

मी एकालाही चूक म्हटलं नाही. फळा भरला, मग मी भिंतीवर लिहिलं. घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी मी म्हटलं, "सगळ्यांचीच उत्तरं छान आहेत." सगळे एकदम म्हणाले, "मग करू का, बाई?" मी म्हटलं, "करा की!"

गुरुजी, इतकी आनंदी मुलं मी पाहिलेली नाहीत. कोनांची बेरीज तीच राहिली, मान्य. पण त्रिकोणाला नावं दोन होती हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच तर तुम्ही आम्हाला दोन्ही भाषांत शिकवू शकलात.

जोहरा

---

बेगमपुरा
९ सप्टेंबर १९८२

चि. जोहरा हिस आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन बरेच दिवस झाले, पुढे काही कळले नाही. काल बसस्थानकावर सोयगावकडचे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, उंबरदरीच्या शाळेत वाघ शिरला आणि त्याने एका साहेबांना दिवसभर कोंडून ठेवले. मी त्यांना विचारले, वाघ माणसाला खातो की कोंडतो? ते म्हणाले, गुरुजी, लोक सांगतात ते आम्ही सांगतो.

मी अशा गप्पांवर विश्वास ठेवत नाही. तरी उलट टपाली दोन ओळी लिही.

बद्रीनाथ गुरुजी

ता. क. विश्वास ठेवत नाहीत, पण जेवले नाहीत. लवकर लिही गं. — काकू

---

उंबरदरी
१४ सप्टेंबर १९८२

आदरणीय गुरुजी,

मी सुखरूप आहे. वाघही सुखरूप आहे, तो रोज सकाळी माझ्या दारात शेपटी हलवत येतो.

मी 'करा की' म्हणाले होते. माझा अर्थ वेगळा होता. मुलांचा अर्थ असा, की आपापलं उत्तर आपण करून दाखवायचं, आणि तेही एकाच दिवशी. सोमवारी मी शाळेत पोचले तर मिरच्यांची धुरी सुरू होती. गोवऱ्यांवर मिरच्या टाकल्या आणि वारा फिरला. माकडं पत्र्यावर आरामात, पहिली-दुसरी खोकून बेजार. तेवढ्यात बन्सी आणि त्याचे चुलते हलगी घेऊन आले. हलगीनं माकडं जाण्याऐवजी गाव जमलं. शेंगा टाकणाऱ्यानं कचेरीपासून शाळेपर्यंत टाकल्या का शाळेपासून कचेरीपर्यंत, हे अजून ठरलेलं नाही, पण डोंगरातली उरलेली माकडंही त्या वाटेनं आली.

आणि युसूफचा वाघ. तात्यासाहेबांचा पिवळा कुत्रा. पोळ्याला बैल रंगवून उरलेल्या रंगानं त्यानं त्याच्यावर इतके सुंदर पट्टे ओढले होते की मी क्षणभर चित्रकलेचे गुणच देणार होते.

नेमके त्याच वेळी शिक्षण विस्तार अधिकारी साहेब तपासणीला आले. फटफटी उभी करतात न करतात तोच धुरानं पिसाळलेला वाघ नाक घासत त्यांच्या अंगावर. साहेब धावले ते थेट माझ्या वर्गात, आतून कडी लावली. आत आरसा होता. आरशापुढं एक थोरलं माकड बसलं होतं. ते मुळीच लाजलेलं नव्हतं, केस नीट करत होतं.

साहेब आतून ओरडत होते, "दार उघडा!" पुंजाराम सर बाहेरून म्हणत होते, "साहेब, कडी आतून आहे." साहेब म्हणाले, "मला माहीत आहे, पण कडीजवळ तो आहे!" शेवटी माकडालाच कंटाळा आला. ते खिडकीतून गेलं, जाताना साहेबांचा चष्मा घेऊन गेलं.

मला मेमो मिळालाय. जसाच्या तसा लिहिते. 'शालेय वेळेत वाघ बाळगणे, धूर करणे व वाद्ये वाजविणे याबाबत लेखी खुलासा सादर करावा.' कायम होण्याच्या कागदावर शेरा आहे, 'वर्गावर नियंत्रण नाही. दिवाळीपूर्वी पुन्हा तपासणी करून निर्णय.'

तुमचंच खरं होतं. आता मी प्रश्न विचारते, उत्तरही मीच सांगते. मुलं लिहून घेतात. भागूनं परवा हात वर केला आणि मी विचारायच्या आत खाली घेतला. अब्बांना अजून काही कळवलेलं नाही.

जोहरा

---

बेगमपुरा
२३ सप्टेंबर १९८२

चि. जोहरा हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा मोठ्याने, कारण तुझ्या काकूने हसून हसून पहिल्या वेळी काही ऐकलेच नाही.

माझेच खरे होते असे तू लिहितेस. ते मला आवडायला हवे होते. पण भागूने हात खाली घेतला, ते वाक्य आवडले नाही.

मी शिबिराचे पुस्तक एका शिक्षकाकडून मागून आणले आहे. केवळ दोष काढावेत म्हणून. त्यात पहिल्या दिवशी अपसारी आहे आणि दुसऱ्या दिवशी अभिसारी. जमलेल्या उत्तरांना कसोट्या लावायच्या, न टिकणारी गाळायची, पारखून एकावर यायचे. म्हणजे मी आयुष्यभर जे करत आलो ते. आधी उत्तरे जमवण्याचे काम मात्र मी कधी केले नव्हते. दुसऱ्या दिवशी तू कुठे होतीस?

तू कपाशी दाट पेरलीस आणि विरळणी करून जादा रोपे उपटायला विसरलीस. त्यात पेरणीचा दोष नाही. मुलांना पुन्हा बसव. कोणते उत्तर चांगले ते तू सांगू नकोस, मीही सांगणार नाही. चांगले उत्तर कशाला म्हणायचे, हे आधी त्यांनाच ठरवू दे. मग एकेक उत्तर त्या चाळणीतून घाला. आणि करून बघण्याआधी नीट बघा. माकडे केव्हा येतात, कुठून येतात, का येतात. तू मला त्यांच्याविषयी एवढे लिहिलेस, पण हे लिहिले नाहीस.

जाता जाता एक शंका. केवळ उदाहरण म्हणून. समज, एका शिक्षकाने स्कॉलरशिपच्या मुलांना विचारले, गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांत वेगळे कोण? आणि एक मुलगी म्हणाली, म्हैस, कारण आमच्या घरी बाकी सगळे आहेत, म्हैसच नाही. तर त्या शिक्षकाने काय करावे?

बद्रीनाथ गुरुजी

ता. क. दुसऱ्या दिवशी तू आमच्याकडंच तर होतीस! तुझ्या बहिणीच्या, गुलशनच्या लग्नाच्या बांगड्या घ्यायला मीच तुला गुलमंडीच्या बाजारात नेलं, ह्यांना कुठं काय आठवतंय. आणि ते उदाहरण बिदाहरण काय नाय. आपल्या शेजारची द्वारका तसं म्हणाली, ह्यांनी शून्य दिलं, ती रडली. तवापासून हे आढ्याकडं बघत बसतात. — काकू

---

उंबरदरी
२८ ऑक्टोबर १९८२

आदरणीय गुरुजी आणि काकू,

काकू, बांगड्यांचं तुम्ही सांगून टाकलंत! असो.

गुरुजी, तुम्ही म्हणालात तसं केलं. फळ्यावर जुनी उत्तरं पुन्हा लिहिली. युसूफ म्हणाला, "वाघ नगं, बाई. कुत्र्याला अजून आंगुळ घालतोय." मी विचारलं, चांगलं उत्तर कशाला म्हणायचं? मग भागूनं हात वर केला आणि या वेळी खाली घेतला नाही. म्हणाली, "माकडाला लागाय नको. मारुतीचं हाय त्ये." बन्सी म्हणाला, "आनि उद्या बी करता यायला पायजे. चुलते रोज नाय येनार." युसूफ म्हणाला, "साहेब आले तरी चाललं पायजे." ह्या चाळणीतून धुरी गळली, हलगी गळली, पुंजाराम सरांना पत्र्यावर बसवणं पण गळलं. सर दारात उभे राहून ऐकत होते, त्यांनी सुस्कारा सोडला.

काही उरेना. मग आम्ही नुसतं बघत बसलो. दोन आठवडे रोज एका मुलाची पाळी. आणि शनिवारी भागू ओरडली, "बाई, आज सकाळची शाळा, आज सुट्टी लवकर, तर माकडं बी लवकर आली! त्यांला कुनी सांगितलं?" बन्सी म्हणाला, "घंटेनं."

इतकं सोपं, गुरुजी! माकडं भुकेला येत नव्हती, आमच्या घंटेला येत होती. पुंजाराम सर त्यांना रोज जेवायला बोलवत होते.

आता मधल्या सुट्टीला घंटा नाही. मी हातातला खडू खाली ठेवला की सुट्टी. मुलं आवाज न करता आत बसून जेवतात. पहिले दोन-चार दिवस माकडं येऊन पत्र्यावर वाट बघत बसली, मग डोंगरात गेली. काही पंचायतीच्या कचेरीवर बसतात. तात्यासाहेब म्हणतात, बरं झालं, ग्रामसभेला तेवढीच गर्दी.

काल साहेब पुन्हा आले. नवा चष्मा, हातात काठी. दारातूनच बघितलं तर सगळा वर्ग श्वास रोखून माझ्याकडं बघतोय. एकाचीही नजर हलत नाही. (ती खडूवर होती. सुट्टीची वेळ झाली होती.) मी खडू ठेवला. मुलांनी चिडीचूप भाकऱ्या सोडल्या, चिडीचूप खाल्ल्या. साहेबांना भरून आलं. त्यांनी तिथंच शेरा लिहिला, 'अत्यंत शिस्तबद्ध वर्ग. बाईंचा जबरदस्त धाक आहे. कायम करण्यास हरकत नाही.'

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुंजाराम सरांनी साहेबांपुढं चहा धरला आणि माझ्या पायावर पाय दिला.

कायम झाले, गुरुजी. अब्बांना तार केली. पण धाक? मी रात्रंदिवस जे करायचं नाही म्हणून झटले, त्याचीच शाबासकी मिळाली. साहेबांना पत्र लिहून खरं काय ते कळवू का?

आणि तुमच्या त्या उदाहरणातल्या शिक्षकांना माझा सलाम सांगा. म्हणावं, द्वारकाला शून्य देण्याआधी बाकीच्यांना विचारून बघा, आणखी कोण कोण वेगळं असू शकतं.

जोहरा

---

बेगमपुरा
८ नोव्हेंबर १९८२

चि. जोहरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे वडील रहीमभाई पेढे घेऊन स्वतः आले होते. तार त्यांनी खिशातच ठेवली आहे. मला दाखवली, तुझ्या काकूला दाखवली, समोरच्या शिंप्यालाही दाखवली. आम्ही दोघांनी मुकाट्याने पेढे खाल्ले.

साहेबांविषयी. त्यांनी बरोबर उत्तर चुकीच्या रीतीने काढले आहे. मी असतो तर रीतीचे गुण कापले असते. पण उत्तर बरोबर आहे, ते खोडण्याचे कारण नाही. पुढल्या तपासणीला त्यांना तासभर वर्गात बसव आणि भागूला बोलू दे. धाक कोणाचा आहे ते त्यांचे त्यांनाच कळेल.

आता माझ्या वर्गाचे. मी द्वारकाला परत बोलावले. तिच्या आईला वाटले, मी पुन्हा रडवणार. मी तोच प्रश्न सर्वांना घातला आणि म्हटले, आज चारीही प्राणी वेगळे ठरवून दाखवा. मुले माझ्या तोंडाकडे बघू लागली. त्यांना वाटले, माझी तब्येत बरी नाही.

मग एक म्हणाला, गाय वेगळी, तिला रस्त्यातून कोणी हाकलत नाही. एक म्हणाली, म्हैस वेगळी, पाऊस आला की बाकीच्या पळतात, ही बसून राहते. एका मुलाने सांगितले, शेळी वेगळी, तिच्या नावाची ईद असते, बाकी कोणाचा सण नसतो. त्यावर द्वारका उठून म्हणाली, "गाईची वसुबारस हाय की!" त्यावर असा वाद झाला की शेजारचे डोकावून गेले. मी कोणालाही गप्प केले नाही. मला त्यात इतका आनंद झाला, की एवढी वर्षे मी नेमके काय गप्प करत होतो, असा प्रश्न पडला. त्याचे उत्तर मात्र शोधत बसलो नाही. या वयात काही प्रश्न मोकळे सोडलेले बरे.

शेवटी मी म्हटले, छान. पण परीक्षेत एकच लिहायचे आहे. पेपर काढणाऱ्याच्या मनात कोणते उत्तर असेल?

सगळे एका सुरात म्हणाले, "कोंबडी!"

मी विचारले, कशावरून? द्वारका म्हणाली, "गुरुजी, त्यो पायच मोजनार. त्याला म्हशीशी काय घेनं?"

मी तिला दहापैकी दहा दिले. त्रिकोणाविषयी माझे मत बदललेले नाही, हे लक्षात असू दे.

दिवाळीला ये.

तुझा,
बद्रीनाथ गुरुजी

ता. क. पोरी, दिवाळीला येशील तर आधी कळव, आम्ही घरी असू का नसू सांगता येत नाय. परवा संध्याकाळी चहा पिता पिता हे मला म्हणाले, "मनकर्णा, सुट्टीत कुठं जावं? तुला काय वाटतं?" लग्न झाल्यापासून ह्यांनी मला सांगितलं लई, विचारलं हे पहिल्यांदा. मी पदर सावरला आन् म्हटलं, थांबा, विचार करून सांगते. तवापासून रोज नवं गाव सुचतंय. हे रोज विचारतात, ठरलं का? मी म्हणते, नाय अजून. मला काय घाई नाय. — काकू